स्मार्ट कपडे दाब मोजतील, पण कूस कोण बदलणार?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ नये म्हणून सेन्सर लावलेले कपडे. हा विषय पीएचडीसाठी अनेकांना खुणावतो. विषय चांगलाच आहे, पण त्यावरचे पेपर वाचताना आपण बहुतेकदा सेन्सर किती अचूक आहे एवढंच बघतो. माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

आधी मूळ गोष्ट. माकडहाड, खुबा, टाच अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, रक्तपुरवठा अडतो आणि जखम होते. कोसियाक यांनी १९५९ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब बराच वेळ, दोन्ही घातकच. तरीही पाऱ्याचे ३२ मिलिमीटर हा एकच आकडा धोक्याची रेषा म्हणून अनेक ठिकाणी वापरला जातो. तो येतो लँडिस यांच्या १९३० च्या कामातून, आणि त्यांनी मोजला होता निरोगी माणसांच्या बोटांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांतला दाब. पंच्याहत्तरीच्या, मधुमेह असलेल्या आजीच्या माकडहाडाला तो कसा लावायचा? आकडा उचलण्यापूर्वी तो कुणावर मोजला होता ते बघा.

आता दोन उदाहरणं बघू.

पहिलं कॅनडातलं, ‘स्मार्ट-ई-पँट्स’. या अंतर्वस्त्रातून दर दहा मिनिटांनी दहा सेकंद सौम्य विद्युतप्रवाह देऊन नितंबाचे स्नायू आकुंचित करतात. २०१२ साली ३७ जणांवरचे निष्कर्ष मांडले गेले आणि त्यांत कुणालाही जखम झाली नव्हती. बातमी गाजली. पण तुलनेचा गटच नव्हता! पँट न घालता त्यातल्या किती जणांना जखम झाली असती, हे यातून कळत नाही. ही वापरता येते का याची चाचणी होती; उपयोग सिद्ध झाला असं म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण जास्त भक्कम आहे. पिकहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन आयसीयूंमधल्या १,३१२ रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. सेन्सर सगळ्यांच्याच छातीवर होता, फक्त एका गटाची माहिती परिचारिकांना दिसत होती आणि दुसऱ्याची झाकलेली होती. वेळेवर कूस बदलण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेलं. जखमा झाल्या एका गटात १५ जणांना, दुसऱ्यात ५ जणांना.

गंमत अशी की हा सेन्सर दाब मोजतच नाही. रुग्ण कोणत्या कुशीवर आहे आणि किती वेळ, एवढंच सांगतो. फरक पडला तो परिचारिकांनी रुग्णाला हलवलं म्हणून. तरी दोन सावधगिऱ्या हव्यात. जखमांची संख्या लहान आहे, चार-पाच जणांनी इकडचं तिकडे झालं तर निष्कर्ष डळमळेल. आणि कॅलिफोर्नियात आयसीयूमध्ये एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण द्यायला कायद्याने मनाई आहे.

आता हे मिरजेत आणून बघा. १८९४ पासूनची वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलची परंपरा, १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय गल्लोगल्ली खासगी दवाखाने. सांगली जिल्ह्यासोबत अथणी, विजयपूरकडचे रुग्णही इथे येतात. जनरल वॉर्डात कूस बदलायचं काम बहुधा नातेवाईकच करतात: दिवसा सून, रात्री मुलगा. रात्री दोनला अलार्म वाजला तर कोण उठणार? तो मराठीत सांगणार की कन्नडमध्ये? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना एकट्या मुलाने कसं वळवायचं, हे त्याला कुणी शिकवलंय का? आणि एप्रिलच्या घामात, मलमूत्रात भिजलेला, रोज धुवावा लागणारा हा कपडा टिकणार किती? त्याची शिवण किंवा वायर हाडाखाली आली तर तीच टोचणार.

म्हणून प्रस्ताव लिहिताना मी चार गोष्टी मागेन.

१. तुलनेचा गट ठेवा आणि त्याला काहीतरी द्या. पलंगाला अडकवलेला कूस बदलण्याचा तक्ता आणि नातेवाइकांना अर्ध्या तासाचं प्रशिक्षण. कपडा याच्यापेक्षा सरस ठरला तरच त्याचा खर्च पटेल.

२. दोन्ही गटांना गादी सारखीच द्या. २०१३ च्या ‘टर्न’ अभ्यासात चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात लक्षणीय फरक दिसला नव्हता. गादी वेगळी असेल तर श्रेय कुणाचं, ते कळणार नाही.

३. मुख्य निष्पत्ती ‘जखम झाली का’ हीच ठेवा. सेन्सरची अचूकता दुय्यम. तपासणाऱ्याला गट माहीत नसावा. सावळ्या त्वचेवर पहिल्या टप्प्यातली लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताला लागणारी ऊब आणि घट्टपणाही नोंदवा.

४. अलार्म वाजल्यापासून रुग्णाला प्रत्यक्ष वळवेपर्यंत किती वेळ गेला, तो मोजा.

चौथा आकडा माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका ठरेल. तो तासाभराचा निघाला, तर पुढचा पैसा आणखी बारीक सेन्सरवर घालण्याऐवजी वॉर्डात आणखी एक मावशी किंवा मामा नेमण्यावर घालावा, असं तुमच्याच प्रबंधातून सिद्ध होईल. तो निष्कर्ष लिहायची तयारी ठेवूनच हा विषय घ्या.