‘योगसंग्राम’: लढायचे कुणाशी?

शेख महंमद श्रीगोंदेकरांचे नाव आपल्याकडे बहुधा व्यासपीठावरून घेतले जाते. हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक म्हणून त्यांना हार घातला जातो आणि ‘योगसंग्राम’ कपाटातच राहतो. वा. सी. बेंद्रे यांनी हा ग्रंथ संपादित केला, रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिले. तरीही विचारवंत म्हणून शेख महंमदांना वाचण्याचे काम मागेच पडले.

‘योगसंग्राम’ १६४५ चा. त्याच्या एकच वर्ष आधी, १६४४ मध्ये, युरोपात देकार्तने द्रव्याची व्याख्या केली: अस्तित्वासाठी ज्याला दुसऱ्या कशाचीही गरज नाही ते द्रव्य. काटेकोरपणे पाहिले तर असा एक ईश्वरच. तरी दुय्यम अर्थाने मन आणि शरीर यांनाही त्याने द्रव्य म्हटले. स्पिनोझाने ही सवलत काढून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये निघालेल्या ‘नीतिशास्त्रा’त द्रव्य एकच आहे, ईश्वर, आपण सारे त्याचे आविष्कार. मग इच्छास्वातंत्र्य उरत नाही. माणसाला आपली कृती कळते, तिची कारणे कळत नाहीत, म्हणून तो स्वतःला स्वतंत्र समजतो.

हा पेच इस्लामी विचाराला जुनाच आहे. अशअरी पंथाचे म्हणणे असे, की कृती अल्लाह निर्माण करतो, बंदा ती ‘कस्ब’ करतो, म्हणजे कमावतो. म्हणून जबाब त्यालाच द्यावा लागतो. इब्न अरबीच्या (११६५-१२४०) नावाशी जोडलेला ‘वहदतुल वुजूद’ तर खरे अस्तित्व एकाचेच मानतो.

शेख महंमद सूफी आणि वारकरी या दोन्ही वाटांवरचे. दोन्हीकडे एकत्वाचाच घोष. असे असूनही त्यांनी ग्रंथाला नाव दिले ‘संग्राम’! अठरा प्रसंगांत जीव अहंकाराशी आणि विकारांशी झुंजतो. सारे एकच असेल तर शत्रू आला कुठून?

माझ्या मते ग्रंथाचे मोल याच प्रश्नात आहे. अहंकार हे दुसरे द्रव्य नव्हे. आपण स्वतंत्र द्रव्य आहोत हा खोटा दावा म्हणजे अहंकार. लढाई त्या दाव्याशी आहे. म्हणून एकत्व आणि संग्राम एकमेकांना खोडत नाहीत. स्पिनोझालाही विकारांपासून सुटका हवी आहे, पण त्याच्याकडे ती समजुतीतून येते आणि सारे अटळ नियमानेच घडते. शेख महंमदांच्या लढाईत हरण्याची शक्यता आहे. जिथे हरता येते, तिथेच जबाबदारी असते.

ग्रंथाची एक उणीवही सांगितली पाहिजे. लढण्याचे बळ जिवाचे स्वतःचे की तेही देणाऱ्याचेच? इथे रूपक पुढे निघून जाते आणि प्रश्न मागे राहतो. अशअरींनी निदान ‘कस्ब’ हा शब्द तरी वापरला.

ही चर्चा केवळ पंडितांची नाही. आमच्या झरीच्या भागात मूल नापास झाले, मुलीची शाळा सुटली, की मोठी माणसे सहज म्हणतात, ‘तकदीर!’ या एका शब्दाने माणूस आपली लढाई अल्लाहच्या नावावर लिहून मोकळा होतो. सर्व काही त्याचेच आहे असे मानणाऱ्या शेख महंमदांनी मात्र शस्त्र खाली ठेवले नाही. त्यांना हार घालणे सोपे आहे. त्यांचा हा प्रश्न मराठीत आणि उर्दूतही वर्गापर्यंत नेणे अवघड आहे. ते काम आता आपण करायला हवे.