काटकसरीचा घाट

आपल्याकडे पिकअप म्हटले की टोमॅटोचे क्रेट रचून पहाटे मार्केट यार्डाकडे निघालेली गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतला पिकअप ट्रक मुलांना शाळेत सोडतो, ऑफिसला जातो, शनिवारी लाकूडसामान आणतो आणि उरलेला आठवडा हौदा रिकामा घेऊन फिरतो. गेल्या काही दशकांत त्या रिकाम्या हौद्याभोवतीची गाडी मात्र फुगत गेली. बॉनेट माणसाच्या छातीला लागू लागले आणि किंमत मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेली. अशा काळात, जून २०२१ मध्ये, फोर्डने मॅव्हरिक हा छोटा ट्रक जाहीर केला. किंमत १९,९९५ डॉलर, आणि एक्सएल या सर्वांत स्वस्त मॉडेलमध्येच हायब्रिड इंजिन. याच नावाची फोर्डची जुनी मोटार १९६९ साली १,९९५ डॉलरला बाजारात आली होती. जाणकारांना तो इशारा लगेच उमगला: ही गाडी स्वस्तपणा लपवणार नव्हती, मिरवणार होती.

छोट्या ट्रकची परंपरा अमेरिकेत तुटली, त्याचे एक कारण कोंबडीपर्यंत जाते. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तरादाखल परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. ती १९६४ पासून आजतागायत आहे. तिला चकवण्यासाठी सुबारूने आपल्या ब्रॅटच्या हौद्यात प्लास्टिकच्या दोन सीटा बसवल्या आणि ट्रकला प्रवासी मोटार म्हणवून घेतले. फोर्डचा स्वतःचा छोटा रेंजरही अमेरिकेत २०११ साली बंद पडला. २०१९ मध्ये परतला तो अंगाने भरूनच. मॅव्हरिक मेक्सिकोतल्या एर्मोसियो इथे बनते. व्यापार करारामुळे ती त्या जकातीच्या कचाट्यातून सुटली आणि एवढ्या किमतीला उभी राहू शकली.

तिच्या रचनेतला पहिला धीट निर्णय डोळ्यांना दिसत नाही. ट्रकची ओळख असलेली वेगळी लोखंडी चासी इथे नाहीच. सांगाडा मोटारीचा, एस्केप या फोर्डच्याच गाडीशी नाते सांगणारा. ट्रकभक्तांना हे पाखंड वाटले. पण चासी गेली तसे वजन गेले, मजला खाली आला, आणि हौद्याच्या कडेवरून हात घालून तळातली पिशवी उचलता येऊ लागली. लांबी साधारण साडेसोळा फूट, म्हणजे शहरातल्या पार्किंगमध्ये मावणारी. तरी भार पेलायचा १,५०० पौंड, सुमारे ६८० किलो. घरगुती माणसाला याहून जास्त काय न्यायचे असते?

खरी रसिकता हौद्यात आहे. तो जेमतेम साडेचार फुटी. पण मागचा फाळका अर्धवट उघडा ठेवता येतो आणि त्या स्थितीत त्याची कड चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीत येते. त्यामुळे आठ बाय चारची प्लायवूडची शीट सपाट बसते. बाजूंच्या पत्र्यात खाचा पाडल्या आहेत. त्यांत बाजारातल्या साध्या लाकडी पट्ट्या अडकवल्या की कप्पे होतात, सायकल उभी राहते. कंपनीची महागडी उपकरणे घ्यायची सक्ती नाही. हौद्यात बारा व्होल्टच्या वायरी आधीच ओढून ठेवल्या आहेत, दिवा ज्याचा त्याने लावावा. केबिनमध्येही हीच वृत्ती. दाराचा हातटेका मध्येच तोडला आहे, कारण खाली लिटरभराची बाटली सरळ उभी राहावी. प्लास्टिक स्वस्त आहे, पण लाकडाचा किंवा चामड्याचा आव आणत नाही.

इंजिनातही तोच संयम. अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून १९१ अश्वशक्ती. अमेरिकी सरकारी चाचणीत शहरात ४२ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरमागे जवळपास १८ किलोमीटर. महामार्गावर ३३ मैल, म्हणजे १४. एरवी महामार्गावर जास्त अ‍ॅव्हरेज मिळते, इथे उलट. शहरात ब्रेक दाबला की गाडीची गती वीज होऊन बॅटरीत परत येते, आणि सिग्नलला इंजिन गप्प बसते. रोजच्या रहदारीतच तिचा सूर लागतो.

या सुराची परीक्षा मिनेसोटासारख्या राज्यांतला हिवाळा घेतो. मागच्या चाकांवर चालणारा जुन्या धाटणीचा ट्रक बर्फात चाचपडतो, कारण ढकलणाऱ्या चाकांवरचा हौदा रिकामा असतो. म्हणून लोक मागच्या आसावर वाळूची पोती टाकतात. मूळ हायब्रिड मॅव्हरिकची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि इंजिनाचे वजन नेमके त्यांच्यावरच. पोत्यांची गरज संपली. हौदा भरला की मात्र भार मागे जातो, चढावर तो आणखी मागे सरकतो आणि ओढणारी पुढची चाके हलकी होतात. तिथे तिचा दम तोकडा पडतो.

दुसरा रसभंग अ‍ॅव्हरेजचा. केबिन गरम ठेवायची तर इंजिन चालू ठेवावे लागते, म्हणजे हायब्रिडची गप्प बसण्याची कलाच गोठते. उणे ७ अंशांत साध्या मोटारीचे शहरातले अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घसरते, तर हायब्रिडचे ३० ते ३४ टक्क्यांनी, असे अमेरिकी ऊर्जा खाते सांगते. जवळच्या फेऱ्यांत हा फटका अधिक जाणवतो. तरीही उरते ते अनेक मोठ्या ट्रकांच्या उन्हाळ्यातल्या आकड्यापेक्षा कमी नसते.

मूळ एक्सएल मॉडेलच्या चाकांकडे याच ऋतूत पाहावे. चकचकीत अ‍ॅलॉयऐवजी साधी स्टीलची रिम. बर्फाळ प्रदेशातले जाणते लोक विंटर टायरसाठी अशीच रिम मुद्दाम वेगळी विकत घेतात, कारण रस्त्यावरचे मीठ आणि खड्डे अ‍ॅलॉयची शोभा खातात. गाडीतली सर्वांत स्वस्त वस्तू हिवाळ्यात सर्वांत शहाणी ठरते. उलट क्रूझ कंट्रोल मात्र सुरुवातीच्या एक्सएलमध्ये नव्हता. लांब सरळ रस्त्यांच्या देशात ही काटकसर कद्रूपणाकडे झुकते.

निवड करणाऱ्याने चारही चाकांना ताकद देणाऱ्या रचनेच्या मोहात लगेच पडू नये. ती गाडी बर्फातून हलवते. थांबवण्याचे आणि वळवण्याचे काम टायर करतात. साधारण ७ अंशांखाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते, विंटर टायरचे मऊ राहते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लावावे लागतात. रस्ते वेळेवर साफ होणाऱ्या गावात पुढच्या चाकांची हायब्रिड आणि विंटर टायरचा जोड एवढे पुरते. घर चढावर असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर चारही चाकांची हायब्रिड घ्यावी. ती २०२५ च्या मॉडेलपासून मिळते.

पण तोवर किंमतही २६ हजार डॉलरच्या पुढे गेली. पहिल्या वर्षी हायब्रिडची मागणी एवढी उसळली, की जानेवारी २०२२ मध्येच कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. २०२४ मध्ये हायब्रिड जादा पैशांचा पर्याय झाला. रचनेत एवढ्या काटेकोरपणे जपलेला संयम किमतीत टिकला नाही. म्हणून आज निवडायची तर पहिल्या दोन वर्षांतली, नीट सांभाळलेली, खालून गंज न चढलेली एक्सएल हायब्रिड शोधावी, आणि वाचलेल्या पैशांतून आधी टायर घ्यावेत.