काळ्या चौकटीतला शेजारी

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही महाराष्ट्र मंडळाचा वार्षिक अंक उघडावा. अध्यक्षांचे निवेदन, गणेशोत्सवाचा वृत्तान्त आणि जमाखर्च यांच्या आसपास काळ्या चौकटीचे एक पान हमखास आढळते. वर्षभरात वसाहतीतील जी माणसे गेली, त्यांचे स्मरण त्या पानावर केलेले असते. वाङ्मय म्हणून या पानाकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे त्याचे परीक्षणही कोणी करीत नाही. आज ते करण्याचे योजिले आहे. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाच्या पश्चात, तो जेथे राहिला तेथे त्याची म्हणून जी लेखी खूण उरते ती बहुधा एवढीच असते. क्वार्टर ठरलेल्या मुदतीत रिकामे करावे लागते, दारावरची पाटी उतरते, आणि नव्या बिऱ्हाडाला आधी येथे कोण राहत होते हे विचारण्याचे कारण पडत नाही.

अशी पुष्कळ पाने मी गेल्या काही वर्षांत वाचली आहेत, आणि लिहिलीही आहेत. त्यांतील दिवंगत गृहस्थ एकजात मनमिळाऊ, परोपकारी व कर्तव्यदक्ष असतात; भगिनी सुगरण, सोशिक व हसतमुख असतात; आणि प्रत्येकाच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झालेली असते. यातील एकही शब्द खोटा असेल असे मला म्हणावयाचे नाही. अडचण अशी की, दोन मजकुरांतील नावे परस्परांत बदलली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. लिहिणाऱ्याच्या जिव्हाळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मग एवढ्या जिव्हाळ्यातून इतके निर्जीव लेखन का निपजावे?

याचे उत्तर माझ्या मते वाङ्मयप्रकारात सापडते. मृत्यूनंतरच्या स्मरणाच्या दोन परंपरा आपल्यापुढे आहेत. एक विलापाची. रघुवंशाच्या आठव्या सर्गातील अजविलापापासून गडकऱ्यांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेपर्यंत ती चालत आलेली आहे. ती रक्ताच्या वा जन्माच्या नात्याची आहे. पती, माता यांनाच तो अधिकार. दुसरी परंपरा वृत्तपत्रीय मृत्युलेखाची. पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली आचार्य अत्र्यांनी लिहिलेली 'सूर्यास्त' ही लेखमाला तिचे ठळक उदाहरण. तेथे माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो, त्याची कामगिरी जगजाहीर असते, आणि मोठ्या शब्दांना पेलणारे मोठे चरित्र मागे उभे असते.

शेजारी या दोहोंच्या मधला. तो आप्त नव्हे, म्हणून विलाप शोभत नाही. तो पुढारीही नव्हे, म्हणून गौरव सैल पडतो. तरीही काळ्या चौकटीचे पान लिहिणारा नकळत दुसऱ्या परंपरेचा अंगरखा उचलतो आणि सेक्शन ऑफिसरच्या अंगावर चढवितो. अंगरख्याच्या बाह्या लोंबू लागतात, आणि आत कोण आहे तेच दिसेनासे होते.

वास्तविक शिकण्यासारखे पुष्कळ त्या थोर परंपरेतही होते. अज इंदुमतीच्या गुणांची गणना करतोच; पण वाचकाच्या काळजाला हात घालते ती बकुळीच्या फुलांची मेखला. दोघांनी मिळून ती ओवावयास घेतली होती, आणि ती अर्धीच राहिली. सम्राटाच्या शोकालासुद्धा टेकावयाला अशी एखादी हातातली वस्तू लागते. आपण मात्र गुणांची यादी तेवढी उचलली आणि मेखला टाकून दिली.

शेजाऱ्याला शोभेल असा वाङ्मयप्रकार मराठीत घडला तो व्यक्तिचित्राच्या रूपाने. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकाने ज्यांची नावे कोठल्याही दप्तरात ठळक अक्षरांत लिहिली गेली नसती अशा माणसांना भरजरी विशेषणांवाचून उभे केले. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' (१९५८) लिहून शेजार हाच विषय केला. त्या पुस्तकाच्या अखेरच्या 'एक चिंतन' या प्रकरणात विनोद ओसरतो आणि मागे पडलेल्या सहजीवनाची हुरहूर वर येते. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा या प्रकाराची प्रतिष्ठाही सिद्ध झाली.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला 'गणगोत'मधील 'रावसाहेब' हा लेख अधिक मोलाचा वाटतो. नोकरीनिमित्त बेळगावी गेलेल्या लेखकाला तेथे भेटलेला हा स्नेही. कानडी वळणाची मराठी, गाण्याचे वेड, आणि तोंडात सदैव शिवी. रावसाहेबांवर कोणी काळ्या चौकटीत लिहिले असते, तर त्या शिव्यांचे रूपांतर 'स्पष्टवक्तेपणा'त झाले असते आणि रावसाहेब त्या एका शब्दाखाली कायमचे गाडले गेले असते. पु. लं.नी शिवी ठेवली, तिच्यामागचा उमाळाही दाखविला, आणि त्या गेलेल्या माणसाविषयी आदर कोठे उणावला नाही. मृताविषयी चांगलेच बोलावे हा संकेत पाळूनही माणूस जिवंत ठेवता येतो, याचा हा पुरावा होय. मात्र या मार्गावर एक घसरणही आहे. पु. लं.चे अनुकरण करणाऱ्यांच्या हातून प्रत्येक शेजारी 'वल्ली' होतो. त्याची लकब तेवढी उरते, आणि लकबीवर हशा मिळाला की लेखकाला आपले काम संपले असे वाटते.

दुसऱ्या टोकाचा धडा एडगर ली मास्टर्स या अमेरिकन कवीच्या 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी' (१९१५) या संग्रहात मिळतो. एका लहान गावातील दोनशेहून अधिक मृत माणसे थडग्यांतून स्वतःच बोलतात, आणि दगडावर कोरलेल्या गोड शब्दांखाली काय दडले होते ते सांगतात. खोट्या मृत्युलेखांवर याहून जहाल टीका क्वचितच झाली असेल. परंतु इलिनॉयमधील ज्या गावांवरून कवीने हे गाव रचले, तेथील लोक आपली माणसे ओळखून दुखावले, हेही विसरता येत नाही. भिंतीपलीकडून शेजाऱ्याच्या कानी पुष्कळ पडते: उसनवारी, पोराचे नापास होणे, रात्रीची भांडणे. ते सारे लिहिण्याचा परवाना मृत्यू देत नाही. मागे राहिलेल्यांना त्याच वसाहतीतून दूध आणावयाला जावयाचे असते. तपशील हवा, पण विश्वासाने कानी पडलेले ते त्यात येऊ नये.

हा विवेक मी स्वतः शिकलो तो एका चुकीतून. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आमच्या समोरच्या क्वार्टरात हिशेबखात्यातले एक गृहस्थ राहत. मे महिन्यात आम्ही सारे देशी जावयाला निघालो, की आपापल्या किल्ल्या त्यांच्याकडे देत असू. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यांची एक फळी होती. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरात क्वार्टरचा नंबर, परतण्याची तारीख, गाडीचे नाव आणि कोणत्या कुंडीला किती पाणी. आम्ही परत येत असू तेव्हा माठ भरलेला असे. ते गेले ते अशाच एका मे महिन्यात. फळीवर पाच बिऱ्हाडांच्या किल्ल्या होत्या.

मंडळाच्या अंकासाठी मजकूर मी लिहिला. 'परोपकारी वृत्तीचे' असे लिहिले, 'पोकळी'ही लिहिली. अंक द्यावयाला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा सामान बांधीत होता. त्याने पान उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाला, "काका, चांगलं लिहिलंय. पण तुम्ही किल्ल्यांचं नाही लिहिलंत?"

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पण त्या प्रश्नाइतके नेमके परीक्षण माझ्या कोणत्याही लेखाचे आजवर झालेले नाही. कचेरीतील त्यांचे काम खात्याच्या कागदपत्रांत नोंदलेले होते, घरातले त्यांचे वागणे घरच्यांना ठाऊक होते. ती फळी मात्र आम्ही शेजारीच पाहत होतो, आणि आम्हीच ती गाळली. खिळे उपटून भोके बुजविली गेली आणि भिंतीला नवा चुना लागला, तेव्हा ती कोठेच उरली नाही.

म्हणून आपल्या अंकांच्या संपादकांना एक विनंती. काळ्या चौकटीचा मजकूर चिटणिसाकडून न मागविता भिंतीला भिंत लागून राहिलेल्या शेजाऱ्याकडून मागवावा. आणि त्याने शेजारी म्हणून जे पाहिले ते, विशेषणे बाजूला ठेवून, दहा ओळींत लिहावे. जागा तेवढीच लागेल. माझ्यापुरते सांगायचे तर, पुढील वार्षिक अंकात त्याच चौकटीत आणखी दहा ओळी मी मागितल्या आहेत.