खिन्नतेचे मूळ कोठे?

केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड बुलमोर यांचा ‘द इन्फ्लेम्ड माइंड’ हा २०१८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ यंदा उन्हाळ्याच्या सुटीत वाचला. शास्त्रीय ग्रंथाचे परीक्षण करण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला नाही. परंतु माणसे खिन्न का होतात, हा प्रश्न कादंबरीकाराचाही आहे. त्या नात्यानेच हे लिहीत आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन असे: जंतूंशी झुंजताना शरीरात दाह उत्पन्न होतो. त्या वेळी रक्तात सुटणाऱ्या सायटोकाइन नावाच्या द्रव्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मन खचते. आमवातात तर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आमवाताची एक रुग्ण खिन्नही आहे, असे तरुण बुलमोरांनी वरिष्ठांना सांगितले, तेव्हा ‘अशा दुखण्यात दुसरे काय होणार?’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

येथे मी थबकलो. माझ्या एका कादंबरीतील सासू आमवाताने जखडलेली आहे. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. तिच्या खिन्नतेचा सारा दोष मी सुनेच्या माथी मारला होता. त्या वरिष्ठांनी निदान दुखण्याकडे बोट तरी दाखवले. मी तेही केले नाही.

लेखकाची भाषा सोपी व प्रांजळ आहे. आपण औषधकंपनीतही काम केले, हे तो लपवीत नाही. वाचकाने ते ध्यानात मात्र ठेवावे. कारण त्याचा उत्साह कधी कधी पुराव्याच्या पुढे धावतो. ६० खिन्न रुग्णांवर झालेल्या एका दाहशामक औषधाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. सरसकट पाहता त्याचा गुण आला नाही; ज्यांच्या रक्तात दाहाची खूण अधिक होती, त्यांनाच तो येतो असे दिसले. किल्ली एका कुलपाची आहे, साऱ्या वाड्याची नव्हे.

शिवाय सततच्या मानसिक ताणानेही दाह वाढतो, हे लेखकच सांगतो. म्हणजे सुनेचे टोचून बोलणे आणि सुजलेले सांधे ही दोन निराळी प्रकरणे नव्हेतच!

ग्रंथाचे मोल मला येथे वाटते. दिवाळीच्या फराळालाही न उठणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘मन घट्ट करा’ म्हणण्यापूर्वी आपण त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, आणि घरात बोलतानाही जपावे. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर त्या सुनेची मला क्षमा मागावी लागेल. निदान अर्धी तरी.