सार्वजनिक विकी की खाजगी कोडभांडार? : एक चिकित्सा

प्रास्ताविक : सहयोगातून होणाऱ्या संगणकप्रणालीच्या विकासासाठी सार्वजनिक विकी स्वीकारावा की खाजगी कोडभांडार ठेवावे, हा प्रश्न बहुधा ‘मोकळेपणा की सुरक्षितता’ अशा स्वरूपात मांडला जातो. ही मांडणी सदोष आहे. वाचण्याचा अधिकार आणि बदल करण्याचा अधिकार या दोन भिन्न बाबी तीत एकच मानल्या जातात.

दोन पद्धतींतील भेद : वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने ही पद्धत जगभर रूढ केली. ‘आधी बदल, मग तपासणी’ हे विकीचे मूळ तत्त्व होय. प्रत्येक पानाचा इतिहास जतन होत असल्याने चूक मागे घेता येते; परंतु ती लक्षात येईपर्यंत वाचकांसमोर राहते. अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांच्याविषयीचा खोटा मजकूर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर चार महिने तसाच राहिला होता. कोडमधील एक सदोष ओळ तर चालू यंत्रणाच बंद पाडू शकते. म्हणून कोडभांडारात ‘आधी तपासणी, मग समावेश’ हा क्रम योग्य ठरतो. मात्र त्यासाठी भांडार खाजगीच असले पाहिजे, असे यातून सिद्ध होत नाही.

मीडियाविकीचे उदाहरण : विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो, त्या मीडियाविकीचा कोड विकीच्या पानांवर लिहिला जात नाही. २०१२ मध्ये तो गिटमध्ये आणला गेला व परीक्षणासाठी गेरिट हे साधन स्वीकारले गेले. कोड वाचण्याची आणि बदल सुचवण्याची मुभा सर्वांना आहे. समावेशाचा अधिकार मात्र मोजक्यांना आहे. माहितीपुस्तिका सार्वजनिक विकीवर आहे. परवलीचे शब्द आणि जाहीर न झालेल्या सुरक्षादुरुस्त्या यांसारख्या गोष्टी तेवढ्या खाजगी ठेवल्या जातात. मराठीच्या दृष्टीनेही ही रचना महत्त्वाची आहे. कोड न जाणणारा मराठी भाषक ट्रान्सलेटविकी या सार्वजनिक विकीवर बटणांची व सूचनांची भाषांतरे करतो आणि ती पुढे कोडभांडारात समाविष्ट होतात. सर्व काम खाजगी भांडारात बंद असते, तर हे हात दाराबाहेरच राहिले असते.

खाजगी भांडाराचे समर्थन अगदीच निराधार नाही. अपुरे काम लोकांसमोर ठेवण्याचा संकोच नवशिक्यांना वाटतो आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु गिटहबने जानेवारी २०१९ मध्ये लहान गटांसाठी खाजगी भांडारे विनामूल्य केल्यानंतर खाजगीपणा विचाराऐवजी सवयीने स्वीकारला जाण्याचा धोका वाढला. विद्यार्थ्यांचा प्रकल्प अशा भांडारात राहिल्यास ती तुकडी बाहेर पडताच पुढील तुकडीला तो अप्राप्य होऊ शकतो.

निष्कर्ष : निवड संपूर्ण प्रकल्पासाठी एकदाच न करता प्रत्येक घटकासाठी स्वतंत्रपणे करावी. जिथे चूक सहज सुधारता येते तिथे विकी आणि जिथे ती महागात पडते तिथे परीक्षित पण वाचनास खुले भांडार इष्ट होय. गुप्ततेचे कारण मात्र ती मागणाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे.