चेहरा नसलेले स्मारक

अमरावतीच्या वडाळी आणि छत्री तलावांच्या पाठीमागे जी खडकाळ, झुडपी जमीन पसरली आहे, ती शहर म्हणावी की रान, हे अजून ठरलेले नाही. पोहरा-मालखेडचे जंगल तिथवर उतरते; बिबट्याही त्याच वाटेने वस्तीच्या कडेला येतो. अकोल्यात मोर्णेचा काठ असाच ना गावाचा, ना रानाचा. २०१८ च्या जानेवारीत तिच्यातली जलकुंभी काढायला नागरिक मोठ्या संख्येने उतरले, तेव्हा अनेकांना आपल्या गावातून नदी वाहते याची नव्याने आठवण झाली. अशी जागा दिसली की आपल्याला सुचते ती बाग, कारंजे आणि फायबरचे हरीण. शिल्प म्हटले की चौथरा, आणि चौथऱ्यावर ओळखीचा चेहरा. चेहरा नसलेले, कशासारखेही न दिसणारे अमूर्त शिल्प अशा ठिकाणी शोभेल काय? या प्रश्नासाठी आम्हांस दूर रुमेनियापर्यंत जावे लागते. वाटेत इंदूर लागते.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी कॉन्स्टंटिन ब्रांकुसी या शिल्पकाराकडून ‘अवकाशातील पक्षी’ या कल्पनेची तीन शिल्पे घेतली होती. एक ब्राँझचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे. चोच नाही, पंख नाहीत, केवळ उड्डाण. या पक्ष्यांसाठी एक ध्यानमंदिर बांधावे अशी योजना झाली, आणि त्यासाठी ब्रांकुसी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदुरास आला. मंदिर झाले नाही. संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने विकत घेतले व ते कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात गेले. अकोल्याहून खांडव्यामार्गे इंदूरला जाणाऱ्या मीटरगेज गाडीने आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी प्रवास केला असेल. त्या गावी असे काही उभे राहणार होते, याची वार्ता फारच थोड्यांना असेल. खरे सांगायचे तर ते मंदिर झाले असते तरी राजवाड्याचेच राहिले असते. आमची हळहळ बेताची आहे.

त्याच १९३८ सालच्या ऑक्टोबरात ब्रांकुसीचे दुसरे काम पुरे झाले. त्याचे जन्मगाव होबित्सा ज्या भागात येते, तिथल्या तर्गू जिऊ या लहानशा शहरातील स्त्रियांच्या संस्थेने ते मागितले होते. १९१६ मध्ये जर्मन सैन्याशी लढताना पडलेल्यांचे स्मारक हवे होते. पडलेले बहुतेक शेतकऱ्यांचेच मुलगे. ब्रांकुसीने मोबदला घेतला नाही, आणि सैनिकाचा पुतळाही केला नाही. नदीकाठी दगडी मेज, पुढे दगडी द्वार, मग वाटेत गावचे चर्च, आणि पार दुसऱ्या टोकाला, जिथे पूर्वी गवताचा बाजार भरे त्या माळावर, सुमारे २९ मीटर उंचीचा ओतीव लोखंडाचा स्तंभ.

मेजाभोवती बारा आसने आहेत. आपल्या वाचकांना शेवटचे भोजन आठवणारच, आणि आठवू द्यावे. परंतु आसने मेजापासून इतकी दूर आहेत की बसलेल्याचा हात मेजास पोचत नाही. जेवणारे यायचे राहिले आहेत, एवढेच ते मेज सांगते. स्तंभाची कथा याहून साधी. दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये रुंद असा एकच मणी, एकावर एक रचलेला. तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरांच्या ओसरीला असेच कोरीव लाकडी खांब असतात. पायथ्याशी अर्धा मणी आहे आणि शेंड्याशीही अर्धाच. स्तंभ मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो. अकाली गेलेल्या मुलाविषयी दगडधातूत याहून अचूक काही म्हटले गेले असेल, असे आम्हांस वाटत नाही. १९५० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने तो पाडू पाहिला; तो पडला नाही. २०२४ मध्ये युनेस्कोने या सर्व रचनेस जागतिक वारशात स्थान दिले. आता सभोवती नीट कापलेली हिरवळ आहे. आम्हांस जुना गवताचा बाजारच अधिक आवडला असता, कारण या स्तंभाला शेजार हवा तो मोकळ्या आकाशाचा आणि राबत्या माणसांचा.

आता वऱ्हाडाकडे परतू. या शतकाच्या आरंभापासून अमरावती विभागात हजारो शेतकऱ्यांनी आपला जीव दिला. त्यांचे स्मारक करायचे तर कुणाचा चेहरा घडवावा? एकाचा घडवला तर बाकीचे पुसले जातात; डोईला हात लावून बसलेला ‘शेतकरी’ घडवला तर ते दुःखाचे जाहिरातचित्र होते. चौकात सिमेंटचे अवाढव्य कपाशीचे बोंड उभारणे तर सर्वांत सोपे आणि सर्वांत खोटे. इथे अमूर्त शिल्पाची गरज हौस म्हणून नसून सचोटी म्हणून आहे.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. आकार अमूर्त झाला की कारणेही अमूर्त होतात. कर्ज, कापसाचा भाव, कोरडे पडलेले शिवार, यांचा जाब कुणी विचारायचा? तर्गू जिऊच्या स्तंभावर एकही नाव नाही, आणि आमच्या मते ती त्याची उणीव आहे. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावताना आपण लाकडी क्रूसावरचे पुसट नाव बोटाने चाचपून वाचतोच ना? वडाळीच्या मागच्या झुडपी जमिनीवर कधी या भागातल्या काळ्या दगडाचा असा स्तंभ उभा राहिलाच, तर त्याच्या पायाशी नावे हवीत. महसूल खात्याच्या नोंदींत मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने असतात. तेवढे तिथे नसावेत.