दिलेले पाणी, घेतलेले पाणी : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलण्याची एक ठरावीक वाट पडलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून प्रारंभ करावयाचा, बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’ला नमस्कार करावयाचा, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कवितेपाशी क्षणभर थांबावयाचे आणि आजच्या लेखनात तो कस उरलेला नाही असे म्हणून सुस्कारा टाकावयाचा. या वाटेवर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ लागतातच. त्यांच्या सरळ, घरगुती भाषेचे आणि विनोदाचे कौतुक समीक्षकांनी पुरेपूर केले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. या लेखात मला त्या ग्रंथाकडे एक धर्मगुरू म्हणून पाहावयाचे आहे. एका लहान ख्रिस्ती मंडळीचे रोजचे जगणे कसे असते, तिचा भोवतालच्या समाजाशी संबंध कोणत्या वाटेने जडतो आणि आपण आज त्या संबंधाविषयी जे लिहितो त्यात काय निसटते, एवढाच माझा प्रश्न आहे.

या पुनर्वाचनाला निमित्त घडले ते आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेचे. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, उसाच्या आणि विहिरींच्या मुलखात आमचे लहानसे चर्च आहे. त्याच्या इमारतीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा रीतीप्रमाणे स्मरणिका निघाली. तिच्यातील ‘आमचे सेवाकार्य’ हा लेख मी स्वतः लिहिला. नेत्रचिकित्सा शिबिरे, शाळकरी मुलांना वह्या, थंडीत घोंगड्या, टाळेबंदीच्या दिवसांत म्हणजे २०२० साली हमरस्त्याने पायी निघालेल्या मजुरांना दिलेले जेवण, असे सगळे त्यात क्रमवार आले होते. लेख चांगला उतरला असे मलाही वाटले होते. पुढच्या रविवारी मिस्सानंतर मंडळीतील एक वृद्ध बाई स्मरणिका हातात घेऊन आल्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. नातवाकडून त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून घेतली होती. त्या म्हणाल्या, “फादर, आपुन लोकांला काय काय दिलं, त्ये समदं यात आलंय. पन लोकांनी आपल्याला काय दिलं, त्ये कुठंच न्हाई.”

मग त्यांनी सांगितले ते असे. १९७२ च्या दुष्काळानंतर चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा बांधकामाला पाणी नव्हते. ते पाणी शेजारच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून आले. बैलगाडीत पिंप ठेवून त्याचा गडी रोज दोन खेपा करी. तो शेतकरी ख्रिस्ती नव्हता, चर्चमध्ये तो कधी आला नाही आणि उद्घाटनाच्या दिवशी त्याला बोलावण्याचे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. आमच्या दप्तरात सिमेंटच्या गोणींचा हिशेब आहे, देणगीदारांची नावे आहेत. पाण्याची नोंद नाही.

त्या रात्री मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतली. कारण पाण्याचा प्रश्न त्या ग्रंथात आरंभापासून आहे हे मला पुसटसे आठवत होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाने सारे घर कसे वेठीला धरले होते, याचे चित्र त्यांनी प्रारंभीच काढले आहे. विटाळ या शब्दाचा अर्थ ज्या मुलीला अक्षरओळखीच्या आधी कळला, तिच्या पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे ताटातुटीची. पुढे त्या मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे आल्या. पण आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा राहुरीला झाला तो १९०० साली.

धर्मप्रसाराच्या आपल्या नेहमीच्या पुस्तकांत अशी वर्षे एका वाक्यात संपतात. ‘काही काळाने पत्नीलाही सत्याचा प्रकाश दिसला’ असे लिहून लेखक पुढे जातो. लक्ष्मीबाईंच्या लेखी मात्र ही वर्षेच ग्रंथाचा गाभा आहेत. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सोबतीने राहावयाचे, त्यांची मुले मांडीवर घ्यावयाची, त्यांच्या दुखण्याखुपण्यात धावून जावयाचे आणि तरी त्यांच्या घरचे पाणी प्यावयाचे नाही, या अवघडलेपणाचे वर्णन त्या स्वतःकडेच हसत करतात. एखाद्या पंडिताने वादात हरवून त्यांना चर्चमध्ये आणले, असे या ग्रंथात घडत नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांना आतून पडतो आणि त्याचे उत्तर त्या आपल्यापुरते शोधतात. एकदा ते सापडल्यावर दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे ही त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचीच कृती ठरते. मला येथे थांबावेसे वाटते. लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाची खूण त्यांनी कोणाला काय दिले ही नाही. त्यांनी काय घेतले, ही आहे.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर मी अनेक प्रवचने केली आहेत. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्री येते आणि प्रभू तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो, तो हा प्रसंग. बहुतेक प्रवचनांत मी त्या जिवंत पाण्याकडे घाईने धाव घेतली. त्या संवादाचे पहिले वाक्य प्रभूने पाणी मागण्याचे आहे, याकडे माझे पुरेसे लक्ष नव्हते. ज्याच्याजवळ देण्यासारखे सर्व काही होते, तो परक्या जातीच्या बाईपुढे प्रथम तहानलेला म्हणून येतो. सेमिनरीत ग्रीक शब्दांचा काथ्याकूट करूनही जे माझ्या पुरते गळी उतरले नव्हते, ते एका निरक्षर बाईच्या तक्रारीने आणि दुसऱ्या एका, उतारवयात लेखणी हाती धरलेल्या, बाईच्या ग्रंथाने उतरविले.

‘स्मृतिचित्रे’ जन्मली कशी, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे चरित्र लिहिण्यास उपयोगी पडतील अशा आठवणी आईने लिहाव्यात, अशी चिरंजीव देवदत्तांची अपेक्षा होती. मागणी थोर पुरुषाच्या चरित्राच्या साधनांची होती. हाती आले ते एका घराचे चरित्र. १९३४ साली पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा वाचकांना त्यात कवी, कीर्तनकार आणि उपदेशक टिळक भेटले. पण त्यांच्याबरोबर रिकामा डबा, अचानक आलेले पाहुणे, हरवलेले पैसे आणि रुसवेफुगवेही भेटले. टिळकांचा दानशूरपणा आपण व्याख्यानांत गौरवाने सांगतो. लक्ष्मीबाई तो सांगतात तेव्हा दान झाल्यावर उरलेल्या घरात संध्याकाळी चूल कशी पेटली, हेही सांगतात. अनाथ मुलाला घरी आणणारा हात टिळकांचा. त्याला न्हाऊमाखू घालणारा, त्याच्या ताटात वाढणारा हात लक्ष्मीबाईंचा. सेवेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या कोठेही तक्रारीच्या सुरात विचारीत नाहीत. नुसते चित्र समोर ठेवतात आणि वाचक आपोआप हिशेब करू लागतो.

याच्या शेजारी माझा स्मरणिकेतील लेख ठेवून पाहिला तेव्हा त्यातील दोष मला स्पष्ट दिसले. त्यात क्रियापदे सारी एकाच जातीची होती : वाटले, दिले, राबविले, पार पाडले. कर्ता नेहमी ‘आम्ही’. ज्यांना दिले त्यांना चेहरे नव्हते. टाळेबंदीतल्या त्या मजुरांना जेवण दिले हे मी लिहिले होते. ते जेवण रात्री जागून रांधणाऱ्या आमच्या बायका त्यात नव्हत्या. जेवून झाल्यावर एका मजुराने कोणी न सांगता सगळी भांडी घासून पालथी घातली होती. तोही नव्हता. छायाचित्र मात्र होते. त्यात अन्नाची पाकिटे पुढे आणि घेणारे हात मागे, अशी रचना होती.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, असे मी नम्रपणे म्हणेन. आपल्या नियतकालिकांतून येणाऱ्या कथांमध्येही एक ठरलेले पात्र असते, ते म्हणजे आभार मानणारा रुग्ण. धर्मभगिनी त्याच्या जखमा धुते, तो डोळ्यांत पाणी आणून दोन वाक्ये बोलतो आणि कथा संपते. त्याला स्वतःचे मत नसते, राग नसतो, सिस्टरांना देण्यासारखे काही नसते. अशा कथा लिहिणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. पण ज्या पात्राला केवळ घेण्यासाठी निर्माण केले आहे, ते पात्र वाङ्मयात जगत नाही; आणि ज्या शेजाऱ्याला आपण केवळ घेणारा मानतो, तो आपला शेजारीही होत नाही. वाङ्मयीन दोष आणि आध्यात्मिक दोष येथे एकच आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात ख्रिस्तसभेला जगाकडूनही पुष्कळ मिळाले आहे ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केलेली आहे. परिषदेने जे मान्य केले, ते आमच्या स्मरणिकांपर्यंत अद्याप पोहोचावयाचे आहे.

‘स्मृतिचित्रां’ची थोरवी मान्य करूनही तिची एक मर्यादा सांगणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी, मग ती टिळकांच्या अमेरिकन मराठी मिशनची असो किंवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी जोपासलेली आमची कॅथलिक असो, मोठ्या प्रमाणात महार आणि मांग समाजांतून आलेली आहे. त्यांच्या दृष्टीने पाण्याचा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या प्रश्नाच्या उलट्या बाजूचा होता. दुसऱ्याच्या हातचे पाणी घ्यावे की नाही, हा लक्ष्मीबाईंचा पेच. आपल्याला पाणी मिळेल की नाही, आणि मिळाले तर ते किती उंचीवरून ओतले जाईल, हा या लोकांचा. ‘स्मृतिचित्रां’त ही माणसे आहेत आणि लक्ष्मीबाईंना त्यांच्याविषयी ममताही आहे, परंतु ती आपल्याला बहुतांशी टिळकांच्या घराच्या खिडकीतून दिसतात. त्यांच्या घरातून टिळकांचे घर कसे दिसत होते, हे सांगणारा तितक्याच ताकदीचा ग्रंथ आपल्याजवळ नाही. हा दोष लक्ष्मीबाईंचा नव्हे. त्यांनी आपले घर प्रामाणिकपणे लिहिले. बाकीची घरे लिहिली गेली नाहीत, याची जबाबदारी पुढच्या पिढ्यांवर, म्हणजे आपल्यावर येते.

त्या शेतकऱ्याच्या पाण्याला म्हणूनच माझ्या मते एवढे मोल आहे. ज्या गावात काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या माणसांना विहिरीच्या काठावर उभे राहण्याची बंदी होती, त्या गावातील एका माणसाने दुष्काळाच्या पाठोपाठच्या उन्हाळ्यात आपले पाणी आमच्या भिंतींना दिले. ही गोष्ट सांगितली की बंदीचीही गोष्ट सांगावी लागते. कदाचित म्हणूनच दोन्ही गोष्टी दप्तराबाहेर राहिल्या असतील. अहवालाला अशी गुंतागुंत परवडत नाही. ती साहित्यालाच परवडते.

चूक दुरुस्त करावी म्हणून मी त्या शेतकऱ्याच्या मुलाकडे गेलो. वडील वारून पुष्कळ वर्षे झाली होती. स्मरणिकेला पुरवणी काढण्याचा आणि त्यांचे नाव छापण्याचा विचार मी बोलून दाखविला. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “फादर, नाव नका छापू. वडलांनी पाणी दिलं हे खरं. पण आईचा त्याला विरोध होता, त्यावरून घरात भांडणंही झाली. आणि पिंप ओढणारा गडी तर तुमच्याच वस्तीतला होता. मग छापायचंच तर कोणाकोणाचं छापाल?”

त्याचे म्हणणे मला पटले, आणि नाव मी येथेही दिलेले नाही. घरी आल्यावर मात्र मी धर्मग्रामाच्या दप्तरात एक पान नव्याने लिहिले. त्यात पाणी आहे, भांडण आहे आणि गड्याच्या दोन खेपा आहेत. ते पान चांगले उतरले आहे असे मी म्हणणार नाही. माझी क्रियापदे अजून अहवालाचीच आहेत. ते लिहिताना लक्ष्मीबाईंची वाक्ये किती कठीण आहेत, हे प्रथमच कळले. ज्या सहजतेला आपण साधेपणा म्हणतो, तिच्यामागे स्वतःला लहान करून पाहण्याची मोठी साधना आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, धर्मभगिनी आहेत, माझ्यासारखे लहान धर्मग्रामांत राबणारे धर्मबंधू आहेत. आपापल्या मंडळीतील वृद्धांना एक प्रश्न विचारावा, अशी त्यांना माझी विनंती आहे : आपल्याला कोणी काय दिले? उत्तरे ऐकताना सगळेच गोड ऐकू येईल असे नाही. आमच्या त्या बाईंकडे मी आता दर शुक्रवारी जाऊन बसतो. त्या सांगतात आणि मी वहीत उतरवून घेतो. त्यांच्या पहिल्या अटीप्रमाणे, लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे लागते. गेल्या शुक्रवारी त्यांनी तीन ठिकाणी चुका काढल्या.